हळू जाजा

गाडीची चावी माझ्या खिशात होती, सगळी गोची तिथंच झाली. दुपारी कोथिंबीर आणि खायची पानं आणायला मी भाऊजींची गाडी घेऊन चौकात गेलो होतो, आणि आल्यावर चावी परत द्यायची राहून गेली. पोळ्याच्या करीचा दिवस. मटणाचा रस्सा सकाळपासून चुलीवर रटरटत होता. पाऊस नुकताच येऊन गेलेला, अंगणात चिखल, गोठ्याच्या दांडीवर कालच्या झुली वाळत घातलेल्या आणि बैलांच्या शिंगांना चिकटलेली बेगड अजून तशीच. गल्लीत पोरांचा तान्हा पोळा चालला होता. चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत ती घराघरापुढे थांबत होती आणि पाच-दहा रुपयांचा बोजारा घेऊन पुढं जात होती. ओसरीवर सतरंजी. सतरंजीवर आमचे भाऊजी, माझे दोन चुलत भाऊ, शेजारचे एक काका आणि मधोमध स्टीलचे ग्लास.

आमचा जिल्हा वर्धा. म्हणजे कागदावर कोरडा. नदी ओलांडली की यवतमाळ. चुलत ताईचं सासर नदीपलीकडं, चौदा-पंधरा किलोमीटरवर. त्यामुळे करीला मटण आमच्याकडचं आणि बाटल्या त्यांच्याकडच्या, अशी वाटणी वर्षानुवर्षं न बोलता ठरलेली आहे. मी पीत नाही. त्यात फार मोठेपणा नाही, मला पित्त होतं. पण न पिणारा माणूस अशा बैठकीत आपोआप पाणी आणणारा, कांदा चिरणारा आणि पानं आणायला जाणारा होतो. म्हणून चावी माझ्या खिशात.

साडेसहाच्या सुमारास भाऊजी उठले. उठताना त्यांनी खांबाला हात लावला आणि तो लगेच काढून घेतला, कोणी पाहिलं तर नाही ना अशा बेतानं. मी पाहिलं. ताई आधीच तयार होऊन दारात उभी होती. पदर कमरेला खोचलेला, हातात पुरणपोळ्यांचा डबा, कडेवर नातू.

"मास्तर, चावी द्या बरं."

"थांबा न भाऊजी, अंधार पडून रायला. पुलावरही पानी असन."

"अरे काही होत नाही. रोजचा रस्ता हाये. गाडी मले वळखते."

सगळे हसले. मीही हसलो. मग खिशात हात घातला. चावीला तुळजाभवानीची पितळी प्रतिमा लावलेली होती, ती बोटांना गार लागली. आणि मी चावी दिली. देताना ताईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. बसमध्ये जागा नसते आणि बसलेला माणूस खिडकीबाहेर बघतो, तेव्हा उभी असलेली बाई जसं बघते, तसं. मी म्हणालो, "हळू जाजा बरं भाऊजी." "हो न बाप्पा," म्हणून त्यांनी किक मारली, नातवाला टाकीवर बसवलं, ताई मागं बसली आणि लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला. हेल्मेट आमच्या खुंटीलाच राहिलं.

पावणेआठला फोन आला, "पोचलो."

काहीच झालं नाही.

काही झालं असतं तर रडलो असतो, स्वतःला शिव्या दिल्या असत्या, नंतर हळूहळू विसरलोही असतो. पण काहीच झालं नाही, आणि त्या सव्वा तासात मी तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो होतो. म्हणजे मला ठाऊक होतं. देताना ठाऊक होतं. तेव्हापासून हे हाडकासारखं दातात अडकून बसलंय.

हळू जाजा. आमच्याकडं दारू पिऊन गाडी चालवू नये यासाठी जेवढं म्हणून काही केलं जातं, ते सगळं या दोन शब्दांत संपतं. लग्नातून निघणाऱ्याला हळू जाजा, तेरवीच्या जेवणावरून उठणाऱ्याला हळू जाजा, बाजारातून ट्रॅक्टरवर चढणाऱ्या पोट्ट्याला हळू जाजो बे. त्यात काळजी असते, ती खोटी नसते. पण त्यात एक सुटकाही असते. बोललो, आता माझ्यावर नाही. 'जाऊ नका' हे वाक्य मात्र जिभेवर येत नाही. जावयाला तर नाहीच. जावयाच्या हातून चावी काढून घेणं म्हणजे त्याच्या पानातला घास काढून घेण्यासारखं. त्याला 'तुम्हाला जास्त झाली' म्हणायचं तर नुसता त्याचा नाही, ताईच्या सासरचा अपमान, आणि मग पुढची दोन वर्षं ताईचं माहेर बंद. हा हिशेब मी मनात मांडला नव्हता. तो आपल्या हाडात आधीच मांडून ठेवलेला असतो.

माझे आजोबा प्यायचे. आजी ते लपवत नसे, गोष्टीसारखी सांगायची. बुधवारच्या बाजाराला बंडी घेऊन जायचे, कापसाचे नाही तर तुरीचे पैसे आले की मोहाची घ्यायचे आणि परतताना बंडीतल्या कडब्यावर आडवे व्हायचे. कासरा हातातून सुटलेला. आमचा चांद्या नावाचा बैल होता, तो आणि त्याचा जोडीदार बरोबर तीन वळणं घेऊन, नाला ओलांडून, रात्री कधीतरी गोठ्याच्या दारात येऊन उभे राहायचे. घुंगरांचा आवाज थांबला की आजी कंदील घेऊन बाहेर यायची. आधी बैल सोडायची, त्यांना पाणी दाखवायची, मग नवऱ्याला उठवायची. "बैलाले घर माहीत असते," ती म्हणायची, "मानसाचं काही सांगता येत नाही." पोळ्याला बैलांच्या पायावर पाणी घालताना तिच्या डोळ्यांत जे असायचं ते नुसत्या शेतीच्या उपकाराचं नव्हतं, असं मला आता वाटतं.

भाऊजी म्हणाले, गाडी मला ओळखते. हे वाक्य मी निदान पन्नास माणसांच्या तोंडून ऐकलंय. ते त्या चांद्याचंच वाक्य आहे. बंडी गेली, फटफटी आली, पण वाहनाला घर ठाऊक असतं ही समजूत तशीच मागं बसून आली. बैल खड्डा पाहून थबकायचा, समोरून कोणी आलं तर बाजू घ्यायचा आणि फार तर ताशी चार-पाच किलोमीटरनं चालायचा. दारू तीच आणि मालकही तसाच, फक्त शुद्धीत असलेला तो एक जीव आम्ही जोखडातून सोडून दिला.

आणखी एक गोष्ट त्या बंडीबरोबर गेली, ती म्हणजे मुक्काम. पूर्वी पाहुणा आला की राहायचा. संध्याकाळ झाली की यजमान न विचारता ओसरीवर बाज टाकायचा, वर वाकळ, उशाशी पाण्याचा तांब्या. दारू प्यायलेला असो की नसो, प्रश्नच यायचा नाही. आता गाडी आहे म्हणून कोणी थांबत नाही, आणि थांबा म्हटलं तर उलट शंका येते, की बाप्पा, मला चढली असं वाटतं की काय याला? त्या दिवशी आमच्या घरात दोन बाजा रिकाम्या होत्या. चावी देण्याआधी मला एक बाज अंगणात ओढता आली असती. लाकूड घासल्याचा आवाज झाला असता, बस.

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. सेवाग्रामचा जिल्हा, त्यामुळे. पुढं १९९३ मध्ये गडचिरोलीत झाली, २०१५ मध्ये चंद्रपुरात झाली आणि २०२१ मध्ये चंद्रपूरची उठली. यावर वाद घालायला आमच्याकडे लोकांना पान-तंबाखूइतकीच आवड आहे, मी त्यात पडत नाही. माझी आई बंदीच्या बाजूची होती आणि तिची कारणं तिच्या माहेरच्या घरातली होती, ती मला खोडता येत नाहीत. पण पुलाजवळ राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट दिसते. संध्याकाळी पाचनंतर गाड्या पलीकडं जातात, आणि आठ-साडेआठनंतर त्याच गाड्या अलीकडं येतात. जाताना सरळ रेषेत, येताना सापासारख्या. पिणारा पूर्वी गावातल्या गावात पिऊन गटाराकडेला पडायचा. आता त्याला प्यायला गाडीवर जावं लागतं आणि पिऊन गाडीवरच यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दुकानं हटवायला सांगितली, पुढं वीस हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी ते अंतर २२० मीटरवर आणलं. हेतू चांगलाच होता, ट्रकवाल्याला बाटली समोर दिसू नये. पण आमच्या भागातल्या माणसासाठी २२० मीटर म्हणजे गाडीनं जायचं अंतर. तो पानठेल्यावरही गाडीनं जातो.

पलीकडं बंदी नसली तरी बायकांना दुकान बंद पाडायचा रस्ता आहे. पाव हिस्सा बायकांनी सह्या करायच्या, मग मतदान, चिन्हं दोनच, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान जातं. म्हणजे जी बाई त्या दिवशी मजुरीला गेली, ती न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते. ताईच्या गावात सह्यांचा कागद फिरला होता. ताईनं सही केली होती, हे भाऊजींना अजून माहीत नाही. आता हा लेख त्यांनी वाचला तर कळेल. वाचणार नाहीत.

मुख्य गोष्ट सांगायची मी टाळतोय.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावचा एक जण गेला. माझ्याच वयाचा, प्राथमिक शाळेत एका बाकावरचा. पलीकडून येताना पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाडीसकट कठड्याबाहेर गेला. रात्रभर पडून होता. सकाळी दुधाच्या गाडीवाल्याला दिसला. तालुक्याला नेलं, तिथून नागपूरला, चौथ्या दिवशी गेला. चार दिवसांत रक्तात काय उरणार? तोंडाचा वास पहिल्या सकाळी ज्यांनी उचललं त्यांनाच आला होता, आणि त्यांच्यात मी होतो. तेराव्याच्या आधीच कागदपत्रांचं बोलणं सुरू झालं. त्याच्या नावावर पावणेतीन एकर होतं, म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत बायकोला दोन लाख मिळणार होते. अट एकच आडवी येत होती, अमली पदार्थाच्या अमलाखाली झालेला अपघात त्यात बसत नाही. ओसरीवर सात-आठ जण बसलो होतो. कोणी खालच्या आवाजात म्हणालं, "रोही आडवी आली म्हना." आमच्याकडं नीलगायीला रोही म्हणतात, आणि त्या वळणावर त्या खरंच येतात, तुरीच्या हंगामात तर कळपानं. कोणी मान हलवली नाही, कोणी नाही म्हणालं नाही. जबाब तसाच झाला. पंच म्हणून खाली दोन सह्या आहेत. दुसरी माझी आहे.

पैसे मिळाले. मोठी मुलगी त्या पैशांवर नर्सिंगला गेली, आज नागपुरात नोकरी करते, दिवाळीला आली की माझ्या पाया पडते. ती पाया पडते तेव्हा मी काय विचार करावा हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पुन्हा तसाच कागद समोर आला तर पुन्हा सही करीन, हे मात्र मला ठाऊक आहे.

मागं शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताहासाठी भाषण तयार करायला बसलो होतो. केंद्र सरकारचा अहवाल चाळला. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. कारणांचे रकाने आहेत. अतिवेगाच्या रकान्यात शंभरातली सत्तरहून जास्त, आणि दारू-अमली पदार्थांच्या रकान्यात शंभरात तीनही नाहीत. मी तो आकडा पुन्हा पाहिला. मग वही मिटवली आणि उठून पाणी प्यायलो. शंभरात तीन का, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कुठं विधवेच्या दयेपोटी, कुठं विम्यासाठी, कुठं मेलेल्याची अब्रू जावी नाही म्हणून ती माणसं वेगाच्या रकान्यात ढकललेली असणार, कुठं जनावराच्या. आमच्या भागातल्या कागदांवर विश्वास ठेवायचा तर निम्मे अपघात रोह्यांनीच केलेत. आणि त्या रकान्यावरून कुणी वरती ठरवणार की दारूचा प्रश्न तसा लहान आहे, नाकाबंदी एकतीस डिसेंबरला शहरात लावली की पुरे. भाषणात मी हेल्मेटवर बोललो.

कायदा मुलांना सांगितला तोही पाठ केल्यासारखाच. कलम १८५, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षं आणि पंधरा हजार. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, लिंबू चाटलं की उतरते न?" वर्ग हसला. पण त्याचं काय चुकलं, मोठ्यांनाही तेच वाटतं. लिंबू, ताक, डोक्यावर गार पाणी, वरून झणझणीत रस्सा. वास कमी होतो, डोळे उघडतात, रक्तातलं काही हलत नाही. १८० मिलीच्या एका पव्व्यात साठ ग्रॅमच्या आसपास निव्वळ अल्कोहोल असतं, आणि यकृत ते आपल्याच चालीनं काढतं, शंभर मिलिलिटर रक्तातून तासाला पंधरा-वीस मिलिग्रॅम, बैलाच्या चालीनं. दुपारी तीनला पव्वा संपवलेला माणूस दिवेलागणीलाही त्या तीसच्या आत येत नाही. भाऊजींचं एका पव्व्यावर भागलं नव्हतं. कांदा मीच चिरत होतो, मला मोजदाद माहीत होती.

ज्यांनी खरंच काही केलं अशी एकच व्यक्ती मला आठवते, आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू. त्यांचा नवरा घरी येऊन प्यायचा आणि प्यायल्यावर त्याला हटकून कुठंतरी जायचं असायचं. काकू चावी तांदळाच्या कोठीत टाकायच्या. वर नाही, पार खाली, कोपरापर्यंत हात घालून. मग तो आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा शिव्या द्यायचा, देवळी, फडताळ, देवघर उलथंपालथं करायचा आणि शेवटी थकून ओसरीवर झोपायचा. कोठीत हात घालायचं त्याला कधी सुचलं नाही, कारण स्वयंपाकघरातल्या कोठ्या त्यानं आयुष्यात उघडल्या नव्हत्या. गल्लीत काकूंना लोक हसायचे, "नवऱ्याची चावी लपवते बाई." आम्हीही हसायचो. तो म्हातारा होऊन, दम्यानं, आपल्या अंथरुणात गेला.

या कार्तिकात गावात एक तेरवी होती. जेवणं आटोपली, काही जण गोठ्यामागं जाऊन आले होते, त्यांच्यात माझ्या आतेभावाचा मुलगा. पंचविशीचा, लग्नाला वर्ष झालेलं, शेत पुलाजवळ. गाडीकडं निघाला तेव्हा पाय नीट पडत नव्हते. मी मनाशी ठरवलेलंच होतं. पुढं झालो, हात पुढं केला आणि चारचौघांत म्हणालो, "चावी दे." आवाज मला हवा त्यापेक्षा मोठा निघाला. पत्रावळी उचलणारे थांबले. पोरगा माझ्याकडं बघत राहिला, मग हसला, खिशात हात घालून चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या न काका. तुमच्यापुढं काय." मला इतकं हलकं वाटलं की मी आत जाऊन आणखी एक बुंदीचा लाडू खाल्ला. त्याला झोपायला बाज टाका म्हणून सांगून आलो. परतलो तर गाडी जागेवर नव्हती. लांब पांदण रस्त्यावर फटफट ऐकू येत होती. मूठ उघडून विजेरीत पाहिलं, चावी पितळी होती, बुटकी, कुलपाची.

रात्रभर पडून होतो, झोप नाही. सकाळी सातला फोन वाजला. त्याच्या बायकोचं नाव पाहून पोटात गोळा आला, तीन वेळा वाजेपर्यंत उचलवला नाही.

"मामाजी, पंपाच्या पेटीची चावी तुमच्याजवळ रायली म्हनतात हे. हरभऱ्याले पानी द्याचं हाये. आठले लाईट येते, कोनाजवळ तरी पाठवा न."